जुना हेवी-ड्युटी पिकअप घेताय? आधी ट्रेलरचं वजन करा

डॅलसच्या आसपासच्या मराठी मंडळींत दर उन्हाळ्याआधी एकाला तरी कॅम्पर घ्यायची लहर येते. मुलं सात-आठ वर्षांची झालेली असतात, कुणीतरी कोलोरॅडोचे फोटो दाखवलेले असतात आणि एक वापरलेला ट्रेलर अंगणात येऊन पडलेला असतो. मग मला फोन येतो. “एक जुना एफ-२५० बघितलाय, डिझेल आहे, दोन लाख मैल झालेत. घेऊ का?” मी विचारतो, ट्रेलरचं वजन किती? पलीकडे शांतता.

हा लेख म्हणजे त्या फोनचं सविस्तर उत्तर. अमेरिकेत हेवी-ड्युटी पिकअप म्हणजे फोर्डचे एफ-२५० आणि एफ-३५०, शेव्हरोले-जीएमसीचे २५०० आणि ३५००, आणि डॉजचे (पुढे नाव राम झालं) २५०० आणि ३५००. एफ-१५० किंवा १५०० यात येत नाहीत, त्यांची चौकट (चासी) आणि धुरे (ॲक्सल) हलके असतात. ‘जुना’ म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर साधारण १९९४ ते २०१० या काळातले ट्रक आहेत. नवा डिझेल हेवी-ड्युटी आता सहज सत्तर हजार डॉलरच्या पुढे जातो, आणि वर्षातून चार सहलींसाठी तेवढे पैसे अडकवायची आमच्यासारख्यांची तयारी नसते.

माझा स्वतःचा ट्रक २००२ चा आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण ते सांगितलं की टेक्सासमध्ये मुद्दा बाजूला राहतो आणि भांडण सुरू होतं.

पायरी १: शेपटीकडून सुरुवात

बहुतेक लोक आधी ट्रकच्या प्रेमात पडतात आणि मग त्याला झेपेल असा ट्रेलर शोधतात. क्रम उलटा हवा. ट्रेलर ठरवा, त्याचं वजन ठरवा, मग ट्रक.

ट्रेलरच्या माहितीपत्रकावर ‘ड्राय वेट’ म्हणून एक आकडा असतो. तो विसरून जा. तो कारखान्यातून बाहेर पडलेल्या रिकाम्या ट्रेलरचा असतो. त्यात बॅटरी, गॅसचे सिलिंडर, भांडी, गाद्या, सायकली, कुकर, वीस पौंडांची तांदळाची पिशवी, काहीच धरलेलं नसतं. पाणी तर नाहीच. एक गॅलन पाणी ८.३ पौंड, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पौंड वाढले. हिशेबासाठी ट्रेलरच्या डाव्या बाजूला पुढे चिकटवलेल्या पट्टीवरचा ‘जीव्हीडब्ल्यूआर’ घ्या. ट्रेलर भरून जास्तीत जास्त किती वजनाचा असावा, हे तो आकडा सांगतो. पाच हजार पौंड ड्राय वेटचा ट्रेलर भरल्यावर सहज साडेसहा-सात हजारांवर जातो.

आता या वजनातला काही भाग ट्रकच्या मागच्या टोकावर, थेट बॉलवर, म्हणजे ट्रेलर ज्या लोखंडी गोळ्यावर अडकतो त्यावर, बसतो. साध्या ट्रेलरला हा भाग एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असायला हवा. यापेक्षा कमी असेल तर ट्रेलर मागे शेपटी हलवायला लागतो, आणि साठ मैलांच्या वेगात ती शेपटी कुत्र्यालाच हलवते. फिफ्थ-व्हीलला, म्हणजे ज्याची मान ट्रकच्या हौद्यात बसते त्या ट्रेलरला, हा भाग १५ ते २५ टक्के धरतात.

पायरी २: ओढतो किती नव्हे, पेलतो किती

ट्रक विकणारा तुम्हाला सांगेल, “बारा हजार पौंड ओढतो हा.” खोटं बोलत नाही तो. पण जुन्या हेवी-ड्युटीत ओढायची ताकद सहसा अपुरी पडत नाही. आधी संपते ती पाठीवर घ्यायची क्षमता, जिला इथे ‘पेलोड’ म्हणतात.

एक उदाहरण करून बघू. १९९९ ते २००४ च्या फोर्ड एफ-२५० सुपर ड्युटीचा जीव्हीडब्ल्यूआर ८,८०० पौंड. चार दरवाजांचा, फोर-व्हील ड्राइव्ह, डिझेल इंजिनाचा असा ट्रक टाकी भरून साधारण ७,१०० पौंडांचा भरतो. उरले १,७००. आई-बाबा आणि दोन मुलं मिळून ५५० पौंड धरा. हिचचा, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या जोडणीचा, लोखंडी सांगाडा १०० पौंड. हौद्यात जनरेटर, लाकडं, कूलर, हत्यारांची पेटी मिळून ३०० पौंड. राहिले ७५०. आता सात हजारांच्या ट्रेलरचे १३ टक्के म्हणजे ९१० पौंड बॉलवर आले. झाला की ट्रक ओव्हरलोड! आणि हा ट्रक ‘बारा हजार ओढणारा’.

त्याच वर्षांतल्या, मागे दोन्ही बाजूंना एकेकच चाक असलेल्या एफ-३५० चा जीव्हीडब्ल्यूआर ९,९०० आणि मागे दोन-दोन चाकं असलेल्या ‘ड्युअली’चा ११,२०० पौंड. अकरा हजारांचा फिफ्थ-व्हील घ्यायचा असेल तर पिनवरच, म्हणजे हौद्यात बसणाऱ्या त्याच्या खुंटीवरच, २,२०० पौंड येतात. तेव्हा एफ-२५० कडे बघूच नका. ३५० किंवा ३५०० घ्या. जुन्या बाजारात दोन्हींच्या किमतींत फारसं अंतर नसतं, म्हणून मी तर सात हजारांच्या ट्रेलरलाही मोठाच घ्या म्हणतो. ड्युअली मात्र रोजच्या वापराला त्रासदायक. पटेल ब्रदर्सच्या पार्किंगमध्ये शनिवारी संध्याकाळी तो घालून बघा म्हणजे कळेल.

ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर जीव्हीडब्ल्यूआर आणि पुढच्या-मागच्या धुऱ्यांच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. त्या पट्टीचा फोटो मागत वेळ घालवू नका, स्वतः जाऊन बघा. ट्रकचं खरं वजन समजायला हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचा वजनकाटा असतो. थोडक्या डॉलरांत पुढचा धुरा, मागचा धुरा आणि ट्रेलरचे धुरे अशी तीन वजनं वेगवेगळी छापून मिळतात. विकणाऱ्याला विचारून टेस्ट ड्राइव्हमध्येच ट्रक काट्यावर घालणारा एक मित्र मला माहीत आहे. त्याला हसले सगळे. ट्रक मात्र त्याने योग्य घेतला.

पायरी ३: डिझेल की पेट्रोल, आणि कोणतं इंजिन

वर्षातून चार-पाच सहली, सात हजारांच्या आतला ट्रेलर आणि बहुतेक सपाट टेक्सास असेल, तर पेट्रोल इंजिनाचा विचार जरूर करा. जीएमचं ६.० लिटर, २००१ ते २००६ मधलं ८.१ लिटर, फोर्डचं ६.८ लिटर व्ही-१० ही साधी, कुठल्याही गावात दुरुस्त होणारी इंजिनं. पेट्रोल पितात भरपूर. ट्रेलर मागे असताना गॅलनला आठ मैल मिळाले तरी खूश राहायचं. जुन्या व्ही-१० मध्ये स्पार्क प्लग सिलिंडर हेडच्या आट्यांतून निसटून बाहेर उडायची खोड आहे, तेवढं विचारून घ्या. उंचीवर मात्र टर्बो नसलेलं इंजिन दमतं. दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के ताकद कमी होते. म्हणजे दहा हजार फुटांवरच्या घाटात तुमचं तीनशे हॉर्सपॉवरचं इंजिन दोनशे दहाचं झालेलं असतं.

डिझेल घेणार असाल तर इंजिनाची पिढी बघून घ्या. नुसतं ‘फोर्ड डिझेल’ म्हणण्याला अर्थ नाही.

फोर्डचं ७.३ लिटर पॉवर स्ट्रोक (१९९४ च्या मध्यापासून २००३ पर्यंत) हे नवख्यासाठी सर्वांत समंजस इंजिन, असं माझं मत. आवाज ट्रॅक्टरचा, वेग बैलगाडीचा, पण आयुष्य दांडगं. चालता चालता इंजिन अचानक बंद पडलं तर बहुधा कॅमशाफ्ट पोझिशन सेन्सर गेलेला असतो. तो स्वस्त सेन्सर आणि एक पाना डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवायचा, ही सगळ्या ७.३ वाल्यांची रीतच आहे. इंजिन ऑइल १५ क्वार्ट, म्हणजे चौदा लिटरच्या वर लागतं. पहिल्यांदा ऑइल बदलायला गेलात की बिल बघून दचकू नका.

त्यानंतर आलेलं ६.० लिटर (२००३ ते २००७) स्वस्त मिळतं, आणि त्याला कारण आहे. ऑइल कूलर तुंबतो, त्यामुळे ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर थंड करणारा) फाटतो, आणि हेड बोल्ट ताणले जाऊन गॅस्केट उडतं. हेड स्टड (बोल्टांऐवजी लावायच्या जास्त मजबूत सळया), नवे कूलर वगैरे सगळी कामं पावत्यांसकट झालेली असतील तर हे इंजिन चांगलं चालतं. पावत्या नसतील तर हात जोडून घरी या. २००८ ते २०१० चं ६.४ लिटर मी कुणालाच सुचवत नाही.

डॉजमधलं कमिन्स ५.९ लिटर म्हणजे सरळ रांगेतले सहा सिलिंडर. विहिरीवरचं किर्लोस्कर इंजिन ऐकत मोठे झालेल्यांना ते सुरू झाल्यावर गावी गेल्यासारखं वाटतं. नातंही आहे. पुण्यात १९६२ साली किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली, आणि पुढे जमशेदपूरच्या टाटा कमिन्सने या ५.९ च्याच घराण्यातली, बी-सिरीजची, इंजिनं टाटाच्या ट्रकांना दिली. १९९८ पर्यंतचं बारा व्हॉल्व्हचं कमिन्स जवळजवळ विनाइलेक्ट्रॉनिक्स, म्हणून दणकट. त्यात एकच जीवघेणी गोष्ट: टायमिंग केसमधली एक छोटी पोलादी पिन सैल होऊन गिअरांत पडू शकते. लोक तिला ‘किलर डॉवेल पिन’ म्हणतात. तिच्यावर पत्र्याची पट्टी बसवून घेतली आहे का, हे विचारा. १९९८ च्या मध्यापासून २००२ पर्यंतच्या चोवीस व्हॉल्व्हच्या इंजिनात व्हीपी-४४ नावाचा महागडा इंजेक्शन पंप आहे. त्याला डिझेल पुरवणारा छोटा लिफ्ट पंप मरतो आणि जाताना मोठ्यालाही घेऊन जातो. म्हणून इंधनाच्या दाबाचा गेज बसवलेला ट्रक दिसला तर मालक जाणता आहे असं समजा. याच काळातल्या काही ब्लॉकवर ५३ हा आकडा ओतलेला असतो. ते ब्लॉक बाजूने तडकतात. टॉर्च घेऊन वाका आणि बघा.

डॉजची खरी दुखरी जागा इंजिन नाही, जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. कमिन्सची ताकद त्याला सोसत नाही. मॅन्युअल मिळाला तर उत्तम. डॅशबोर्डला तडे गेलेले दिसतील, त्याला घाबरू नका. त्या काळातल्या डॉजचा डॅशबोर्ड अखंड असेल तर तोच आश्चर्याचा विषय.

जीएमच्या ६.६ लिटर ड्युरामॅक्सबरोबर ॲलिसनचा गिअरबॉक्स येतो, आणि ट्रेलर ओढायला या सगळ्यांत तो मला सर्वांत आवडतो. २००१ ते २००४ च्या एलबी-७ इंजिनाचे इंजेक्टर खराब होत. कंपनीने त्यांना सात वर्षं किंवा दोन लाख मैलांची खास वॉरंटी दिली होती, ती केव्हाच संपली. इंजेक्टर व्हॉल्व्ह कव्हरच्या आत असल्याने ते बदलायची मजुरीच भारी पडते. नंतरचं एलएलवाय घाट चढताना तापतं. २००६-०७ चं एलबीझेड सर्वांना हवं असतं, म्हणून महाग.

२००७ च्या उत्सर्जन नियमांपासून डिझेलला काजळी अडवणारा फिल्टर आला. तो काढून टाकलेले, ‘डिलीट’ केलेले ट्रक जाहिरातींत सर्रास दिसतात. तो फेडरल क्लीन एअर ॲक्टचा सरळसरळ भंग आहे. कॅलिफोर्नियात १९९८ आणि त्यानंतरच्या डिझेल पिकअपना दर दोन वर्षांनी स्मॉग चाचणी आहे. उद्या नोकरी बदलून बे एरियाला गेलात तर असा ट्रक तिथे नोंदवता येणार नाही.

पायरी ४: बघायला जाताना

विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगा की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर विचारा का. थंड डिझेल कसं उठतं यातच निम्मी माहिती आहे. पांढरा धूर क्षणभर निघून गेला तर ठीक. तो थांबेना, त्याला गोडसर वास असेल तर कूलंट जळतंय. निळा धूर म्हणजे ऑइल.

नंतर खाली झोपा. कार्डबोर्ड सोबत न्या. चौकटीवर, स्प्रिंगच्या हँगरवर, ब्रेकच्या नळ्यांवर गंज बघा. उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते लोखंड खातं. ओहायो-मिशिगनचा एक लाख मैलांचा ट्रक आणि टेक्सास-ॲरिझोनाचा अडीच लाखांचा यांत मी दुसरा घेईन. रंग उडालेला चालतो. पापुद्रे सुटणारी चौकट चालत नाही.

गिअरबॉक्सचं ऑइल लालसर हवं. तपकिरी असेल, जळका वास येत असेल तर पुनर्बांधणीचे काही हजार डॉलर किमतीतून वजा करा, नाहीतर निघा. साठ मैलांच्या वेगात स्टिअरिंग थरथरायला लागलं, विशेषतः सलग पुढच्या धुऱ्याच्या डॉजमध्ये, तर ट्रॅक बार आणि बॉल जॉइंट झिजलेत. लोक त्याला ‘डेथ वॉबल’ म्हणतात. एकदा अनुभवलात तर नाव का पडलं ते विचारणार नाही.

हौद्यात गूसनेकच्या (हौद्यातच जोडायच्या जड ट्रेलरच्या) बॉलचं भोक दिसलं म्हणजे ट्रकने कष्ट केलेत. ते वाईट नव्हे. शेतकऱ्याने वापरलेला, वेळेवर ऑइल बदललेला ट्रक चांगला निघतो. मी टाळतो ते उंच केलेले, प्रचंड टायरांचे, जास्त ताकदीची चिप लावलेले ट्रक. काळा धूर ओकणाऱ्या ट्रकचा मालक वीस वर्षांचा असतो आणि त्याने गिअरबॉक्सवर दया केलेली नसते.

कागदपत्रांत टायटल (मालकीचा कागद) ‘सॅल्व्हेज’ किंवा ‘रीबिल्ट’, म्हणजे अपघातात मोडीत काढलेल्या गाडीचं, नाही ना, त्यावर बँकेचं कर्ज नाही ना, ते बघा. २०१० आणि आधीच्या मॉडेलना ओडोमीटरचा आकडा जाहीर करायची फेडरल सक्ती आता नाही. त्यामुळे टायटलवरचे मैल म्हणजे निव्वळ ऐकीव गोष्ट, पावत्यांवरच्या आकड्यांशी ताडून बघा. व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, एनएचटीएसए या सरकारी रस्ता-सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून राहिलेले रिकॉल (कंपनीने दोष दुरुस्त करायला परत बोलावणं) काढा. २००३ पासूनच्या डॉज रामना टाकाटाच्या एअरबॅगचा, आणि त्या काळातल्या बऱ्याच फोर्डना क्रूझ कंट्रोलच्या स्विचमुळे आग लागण्याचा रिकॉल आहे. दोन्ही कामं डीलर फुकट करून देतो. आणि शेवटी, त्या विशिष्ट इंजिनाचा जाणता स्वतंत्र मेकॅनिक शोधून त्याला दोन तास द्या.

पायरी ५: घरी आणल्यावर पहिला महिना

किमतीचा पाचवा हिस्सा बाजूला ठेवूनच ट्रक घ्या. विकणारा काहीही म्हणो, सगळी द्रव्यं बदला: इंजिन ऑइल, गिअरबॉक्स, दोन्ही डिफरन्शिअल, कूलंट, ब्रेक फ्लुइड आणि डिझेलचे फिल्टर. जुने पट्टे आणि रबरी होज बदला. डिझेलला दोन बॅटऱ्या असतात, त्या जोडीने बदलायच्या. एक जुनी, एक नवी ठेवली तर जुनी नवीलाही खाते. गिअरबॉक्सच्या तापमानाचा गेज नसेल तर बसवून घ्या.

मग टायर. ट्रकला ‘एलटी’ (लाइट ट्रक) प्रकारचे, जड वजन पेलणारे लोड रेंज ई. टायरच्या अंगावर डॉट क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३११९ म्हणजे २०१९ चा एकतिसावा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. पाच-सहा वर्षं झाली की काढायचे.

हे मी पैसे मोजून शिकलो. आमच्या वापरलेल्या ट्रेलरच्या टायरांवर नक्षी इतकी ताजी होती की तारीख बघायचं सुचलंच नाही. जुलैत अमारिलोकडे जाताना हायवे २८७ वर चाइल्ड्रेसच्या पुढे मागून धाडकन आवाज झाला. टायर फुटलाच, पण त्याच्या चिंध्यांनी चाकावरची फरशी उखडली आणि ब्रेकची वायर तोडली. १०४ डिग्रीत रस्त्याकडेला उभं राहून तारीख वाचली. नऊ वर्षं. ट्रेलरचा स्पेअर होता. ट्रेलर उचलेल असा जॅक नव्हता.

पायरी ६: ब्रेक

माझे वडील कराडकडचे. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या मागे लावून कारखान्याकडे जाणारे ट्रॅक्टर बघण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि त्यातल्या उतारावर उलटलेल्या ट्रॉल्याही त्यांनी पाहिल्यात. इथे आल्यावर त्यांनी ट्रेलरच्या चाकांत वाकून बघितलं आणि म्हणाले, “याला स्वतःचे ब्रेक आहेत? मग ठीक.”

बहुतेक राज्यांत तीन हजार पौंडांच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. टेक्सासमध्ये ही मर्यादा ४,५०० आहे. ते ब्रेक विजेवर चालतात आणि ते लावायला ट्रकमध्ये ब्रेक कंट्रोलर लागतो. जुन्या ट्रकांत तो बाहेरून बसवावा लागतो. डॅशबोर्डखाली कंपनीचा सॉकेट बहुधा आधीच असतो, योग्य वायर आणली की दहा मिनिटांचं काम. ‘प्रोपोर्शनल’ प्रकारचाच घ्या, तो ट्रक जितक्या जोरात थांबतो तितकेच ट्रेलरचे ब्रेक लावतो. स्वस्तातला टाइम-डिलेवाला घेऊ नका.

तो जुळवायचा असा: रिकाम्या मैदानात ट्रेलरसकट पंचवीस मैलांच्या वेगाने जा आणि कंट्रोलरची कळ हाताने पूर्ण दाबा. ट्रेलरची चाकं घसटली तर पॉवर कमी करा, नुसती किंचित अडली तर वाढवा. घसटायच्या जरा अलीकडे थांबा. ही कळ लक्षात ठेवा. ट्रेलर डोलायला लागला तर ट्रकचा ब्रेक दाबायचा नाही. स्टिअरिंग सरळ धरायचं, ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि फक्त ही कळ दाबायची. ट्रेलर मागून ताणला जातो आणि सरळ होतो.

पायरी ७: जोडणी

एक क्रम ठरवा आणि रोज तोच पाळा. मध्ये कुणी बोलायला आलं तर पुन्हा पहिल्यापासून. ट्रेलरच्या चाकांना ठोकळे. बॉलचं माप कपलरवर (बॉलवर बसणाऱ्या ट्रेलरच्या तोंडावर) लिहिलेल्या मापाशी जुळतंय ना, दोन इंची की सव्वादोन इंचाहून थोडा मोठा, ते बघायचं. (दोन इंची बॉलवर मोठा कपलर बसलेला दिसतो, पहिल्या खड्ड्यात निघतो.) कपलर बसवून कडी आणि पिन. आता जॅकने ट्रेलरची मान पुन्हा थोडी वर उचला. ट्रकचं मागचं टोकही सोबत उचललं गेलं तर कडी खरी बसली आहे. मग साखळ्या, एकमेकींवरून फुली मारून, म्हणजे कपलर सुटलाच तर मान त्या झोळीत पडते. ब्रेकअवेची तार, म्हणजे ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी, ट्रकच्या चौकटीला, साखळीला नव्हे. सात पिनांचा प्लग. दिवे. ठोकळे काढायला विसरू नका, आम्ही एकदा विसरलो होतो.

पाच हजारांच्या वरच्या ट्रेलरला वेट डिस्ट्रिब्युशन हिच लावा. मागे बसलेलं वजन तो थोडं पुढच्या चाकांवर परत टाकतो. तो नीट लागला का, हे डोळ्यांनी कळत नाही. कॅट स्केलवर एकदा ट्रेलरसकट आणि एकदा नुसत्या ट्रकने उभं राहा. ट्रकच्या दोन धुऱ्यांच्या बेरजेतला फरक म्हणजे ट्रेलरने ट्रकवर टाकलेलं वजन. पुढच्या धुऱ्याचं वजन फार घटलं असेल तर हिचच्या सळया आणखी ताणा.

मागे घेणं रविवारी सकाळी एखाद्या हायस्कूलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये शिका. हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवा. ट्रेलर डावीकडे जायला हवा तर हात डावीकडे. नवरा-बायकोंनी खुणा आधी ठरवून घ्याव्यात आणि फोन चालू ठेवावेत. कॅम्पग्राउंडवर शेजारचे खुर्च्या टाकून बघत बसतात.

पायरी ८: रस्त्यावर आणि घाटात

पहिल्या पंचवीस-पन्नास मैलांनंतर ट्रेलरच्या चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळा. डिझेल भरायला थांबाल तेव्हा प्रत्येक हबजवळ हात न्या. एक बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक अडकतोय. ट्रेलरचे बरेच टायर ६५ मैलांच्या वेगासाठीच बनलेले असतात, आणि कॅलिफोर्नियात तर ट्रेलरसाठी वेगमर्यादाच ५५ आहे.

आमचा रस्ता अमारिलो, डॅलहार्ट, क्लेटन, मग रॅटन पास, ७,८३४ फूट. चढताना टो-हॉल मोड (गिअरबॉक्सची ओझं ओढायची सोय) असेल तर लावा आणि गिअरबॉक्सचं तापमान २२० फॅरनहाइटच्या वर जायला लागलं तर थांबा. आरपीएम वाढला म्हणून नवखे घाबरतात. इंजिनाला वाढलेला आरपीएम चालतो, त्याला उष्णता चालत नाही.

उतरताना खंबाटकीचे जुने ट्रकवाले सांगतील तेच: ज्या गिअरमध्ये चढाल त्यातच उतरा. कोलोरॅडोत आय-७० वर आयझेनहॉवर बोगद्यातून पश्चिमेला सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना सुमारे सात टक्क्यांचा सलग उतार आहे. वरूनच वेग कमी करून खालचा गिअर टाका. पाय ब्रेकवर सतत ठेवायचा नाही. ठामपणे दाबून वेग दहा मैल कमी करायचा आणि पूर्ण सोडायचा, म्हणजे ब्रेकना निवायला वेळ मिळतो. लक्षात ठेवा, साध्या जुन्या डिझेलला पेट्रोलइतकंही इंजिन ब्रेकिंग नसतं. एक्झॉस्ट ब्रेक (धूर अडवून इंजिनाचा वेग रोखणारा) बसवलेला ट्रक मिळाला तर त्याचे चार पैसे जास्त द्या.

राहिलेल्या किरकोळ गोष्टी

ट्रक आणि ट्रेलर मिळून २६,००० पौंडांच्या वर आणि ट्रेलर दहा हजारांच्या वर गेला तर टेक्सासमध्ये वेगळा, क्लास ए परवाना लागतो. इतर राज्यांचे नियम वेगळे आहेत, डीएमव्हीच्या (राज्याच्या वाहन खात्याच्या) पानावर बघा. विम्यात ट्रकची लायबिलिटी साधारणपणे ट्रेलरलाही लागू होते, पण ट्रेलरचं स्वतःचं नुकसान त्यात येत नाही. त्याची वेगळी पॉलिसी घ्या.

घर घेताना सोसायटीचे, म्हणजे एचओएचे नियम वाचले नसतील तर आता वाचा. बहुतेक ठिकाणी ट्रेलर ड्राइव्हवेवर ठेवू देत नाहीत. महिना भाडं देऊन स्टोरेज यार्डात ठेवावा लागतो, तो खर्च आधीच धरा. आणि मराठी मंडळाला कळू देऊ नका की तुमच्याकडे मोठा पिकअप आहे, नाहीतर गणपतीच्या मखरापासून दिवाळीच्या खुर्च्यांपर्यंत सगळं तुमच्याच हौद्यातून जाईल. माझं जातं.

हिवाळ्यात ट्रक तीन महिने उभा राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, दोन्ही बॅटऱ्यांना मेंटेनर लावा, आणि पंधरा दिवसांनी बॉनेट उघडून उंदरांनी वायरी कुरतडल्या आहेत का ते बघा. मार्चमध्ये बाहेर काढताना पहिलं काम टायरांची हवा: मागच्या चाकांत ट्रेलरसाठी ८० पीएसआयपर्यंत, रिकामा फिरवताना कमी.